मगिद्दो: टेकडीला पाच तारे, सहलीला दोन

पवित्र भूमीच्या सहलीला निघालेल्या आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे. आम्ही नगरहून, पुण्याच्या एका आयोजकांबरोबर गेलो होतो. व्हिसा, बस, तिबिर्यातलं हॉटेल, म्हाताऱ्या माणसांची काळजी, यात कुठेही कमी पडलं नाही. त्यासाठी आयोजकांचे आभार. माझं म्हणणं आहे ते इस्राएलमधल्या मगिद्दो या प्राचीन टेकडीबद्दल आणि तिथे आम्हाला जे शिकवलं गेलं त्याबद्दल.

आधी टेकडी. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तिथून माझा पाय निघत नव्हता. एकावर एक पंचवीसहून अधिक वस्त्यांचे थर आहेत. खाली इज्रेलचं हिरवंगार खोरं, समोर नासरेथचे डोंगर. कनानी लोकांची भली मोठी गोल दगडी वेदी वरून पाहायला मिळते. ज्यांना ‘शलमोनाचे तबेले’ म्हणतात ते बरेच संशोधक नंतरच्या अहाब राजाच्या काळाच्या आसपासचे मानतात, आणि काहींच्या मते ती कोठारंच होती. सगळ्यात भारी म्हणजे पाण्याची व्यवस्था. झरा तटाबाहेर होता, म्हणून गावकऱ्यांनी आतून खोल विवर खोदलं, तिथून खडकातून आडवा बोगदा काढला आणि झऱ्याचं बाहेरचं तोंड झाकून टाकलं. वेढा पडला तरी पाणी मिळायचं. जवळपास 180 पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर वरूनच पाहा. बोगद्याचं तोंड टेकडीच्या दुसऱ्या बाजूला निघतं, तिथे बस घ्यायला येते. चालणं झेपत असेल तर हे चुकवू नका.

आता सहल. माथ्यावरच्या सावलीत आम्हाला बसवून मार्गदर्शकांनी प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचला आणि प्रत्येकाला एक रंगीत तक्ता दिला. मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासी, आधी वर स्वर्गात उचलली जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, मग ख्रिस्तविरोधक, मग याच खोऱ्यात सगळ्या राष्ट्रांच्या सैन्यांची लढाई. यहेज्केलाच्या पुस्तकातला गोग हा शत्रू म्हणजे रशिया, असंही त्यात छापलेलं. आमच्यातल्या एक मावशी घाबरून विचारत होत्या, “सर, आमच्या हयातीत होईल का हो?” उत्तर मिळालं, “चिन्हं तर सगळी दिसताहेत, मावशी.” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

या शेवटच्या लढाईच्या जागेचं हर्मगिदोन (‘मगिद्दोचा डोंगर’) हे नाव संपूर्ण बायबलमध्ये एकदाच येतं, प्रकटीकरण 16:16 मध्ये. त्याच मगिद्दोला यहूदाचा योशीया राजा मिसरचा राजा फारो नखो याच्या हातून मारला गेला, हे दुसऱ्या राजांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याबद्दल एक वाक्यही आलं नाही. फारो थुतमोस तिसरा इ. स. पू. पंधराव्या शतकात ज्या खिंडीतून इथे उतरला, त्याच खिंडीतून सप्टेंबर 1918 मध्ये पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश जनरल ॲलनबीचं घोडदळ आलं. त्यात भारतीय स्वार मोठ्या संख्येने होते. 20 सप्टेंबरला सेकंड लान्सर्स या भारतीय पथकाने भाले रोखून चाल केली ती याच परिसरात. मोहिमेत पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही घोडदळाची पथकं होती. महाराष्ट्रातून आलेल्या बसमध्ये ही गोष्ट सांगितली जाऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याहून वाईट वाटलं ते लज्जूनचं. टेकडीला लागूनच या नावाचं पॅलेस्टिनी गाव होतं. 1948 च्या युद्धात ते रिकामं झालं. पुढच्याच वर्षी त्या जमिनीवर किबुत्झ मगिद्दो ही ज्यूंची सामुदायिक वसाहत वसली. लज्जूनच्या कुटुंबांचे वंशज जवळच उम्म अल-फहम या गावात राहतात. मी हे विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, उशीर होतोय, नासरेथ गाठायचंय.”

तक्त्यातली ही शिकवण मंडळीला आरंभापासून मिळालेली आहे असं कोणी समजू नये. 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या आयरिश धर्मोपदेशकाने तिची मांडणी केली. 1909 मध्ये स्कोफील्ड या अमेरिकन उपदेशकाच्या टिपांसह बायबल निघालं, वचनांखाली त्याच पानावर या टिपा छापलेल्या, आणि अमेरिकेत घराघरांत ही शिकवण पोचली. आमच्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. माझ्या आजीच्या काळापासून आमच्या उपासनेत येशूच्या पुनरागमनाची आशा आहे, पण कोणत्या देशाने कोणावर चाल करायची याचा तक्ता कधी नव्हता.

हा केवळ श्रद्धेचा मामला असता तर मी गप्प बसले असते, पण या शिकवणीचा अमेरिकेच्या राजकारणाशीही संबंध आहे. 1891 मध्येच विल्यम ब्लॅकस्टोन या उपदेशकाने 413 मान्यवरांच्या सह्या घेऊन अमेरिकेच्या अध्यक्षांना अर्ज दिला होता की ज्यूंना पॅलेस्टाइन मिळावं. 1984 च्या निवडणूक वादविवादात अध्यक्ष रेगन यांना हर्मगिदोनबद्दल थेट प्रश्न विचारावा लागला, कारण ते त्याबद्दल बोलत असत. 2006 मध्ये अमेरिकन पाळक जॉन हेगी यांनी इस्राएलच्या समर्थनासाठी ख्रिस्ती लोकांची मोठी संघटना उभी केली. 14 मे 2018 रोजी अमेरिकेचा दूतावास यरुशलेमात उघडला तेव्हा प्रार्थना करायला हेच हेगी आणि रॉबर्ट जेफ्रेस हे पाळक होते. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या 2022 च्या पाहणीत अमेरिकेतल्या 63 टक्के इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांनी आपण शेवटच्या काळात जगतो आहोत असं सांगितलं. अमेरिकेच्या धोरणामागे लष्करी आणि इतर हिशेबही आहेत, हे मला मान्य आहे. पण इतकी मतं ज्यांच्या हाती आहेत त्यांची समजूत पुढाऱ्यांना डावलता येत नाही. शेवटी युद्ध व्हायचंच आहे असं मनाशी पक्कं केलेला माणूस तहासाठी कशाला झटेल?

आणि ज्यूंवरचं हे प्रेम तरी कसलं? याच तक्त्याच्या कोपऱ्यात जखऱ्या 13:8 होतं. त्याचा अर्थ असा लावतात की महासंकटात दोन तृतीयांश ज्यू मरतील. ज्या माणसांच्या देशात आपण पाहुणे म्हणून गेलो, त्यांच्या मुलाबाळांचं मरण तक्त्यात काढून हातात घेऊन फिरायचं, हे मला सहन झालं नाही. मी तो तक्ता मार्गदर्शकांना परत दिला.

बेथलेहेमात लाकडी कोरीवकामाच्या दुकानात भरपूर वेळ दिला, पण तिथल्या एकाही पाळकसाहेबांची भेट ठेवलेली नव्हती. त्या भूमीतल्या मंडळीचं या विषयावर स्पष्ट मत आहे. ऑगस्ट 2006 मध्ये यरुशलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क (कॅथलिक धर्मप्रमुख) मिशेल सब्बाह, लुथरन बिशप मुनीब युनान आणि आणखी दोन चर्चप्रमुखांनी निवेदन काढून ख्रिस्ती झायोनिझमची, म्हणजे बायबलच्या आधारे ज्यूंच्या इस्राएलला पाठिंबा देण्याची, शिकवण खोटी आहे, ती प्रीती, न्याय आणि समेटाच्या संदेशाला बाधा आणते, असं म्हटलं. पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या आपल्याच विश्वासी भावंडांचं हे म्हणणं आम्हाला ऐकवायला पाहिजे होतं.

पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: मगिद्दोला किती वेळ थांबणार, मार्गदर्शक पुरातत्त्वाची माहिती असलेले आहेत का, आणि बेथलेहेम किंवा नासरेथमधल्या स्थानिक मंडळीबरोबर उपासना ठेवली आहे का. आमच्या आयोजकांना मी हे सगळं पत्राने कळवलं आहे. त्यांनी एवढे बदल केले तर नगरच्या पुढच्या गटाची नावं मी स्वतः गोळा करून देईन.