जुनी संत्रा बाग, कवेलूचा कोठा आणि विहिरीवरची मोटर: वर्षभराच्या वापरानंतर

रिवाइंडिंग करून (जळालेली तार नव्याने गुंडाळून) आणलेली विहिरीवरची मोटर महिनाभरही टिकली नाही. दुकानदाराने "लाईनच खराब, मी काय करणार" म्हणून हात झटकले, तेव्हा म्हटलं आता सगळंच लिहून टाकावं. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे अशा बागा विकायला निघतात: राहतं घर, कोठा (गोठा), विहीर आणि 6 बाय 6 मीटरवरची संत्र्याची झाडं, एकरी 110 च्या आसपास. अशीच एक घेतली, तिचा हा वर्षभराचा अनुभव.

आधी मोटर. 5 एचपीच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात, स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेची चकती त्याच आकड्यावर हवी. मोटर सारखी ट्रिप होते म्हटलं की मिस्त्री चकती पुढे सरकवून देतो. ट्रिप थांबतं, वायंडिंग जळतं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तिला बंद करणारंच कोणी उरत नाही. वर डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) प्रत्येकाचा ऑटोस्विच, म्हणजे लाईन आली की साऱ्या मोटरी एकदम उठणार. इथे ऑटोस्विच काढला, कपॅसिटर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवला, रिले जागेवर आणला. विजेच्या रात्रीच्या पाळीला उठून बटण दाबावं लागतं. रिवाइंडिंगच्या बिलापेक्षा मोडलेली झोप परवडली.

बागेचं मोठं दुखणं वेगळंच आहे: कलमाचा जोड मातीत गेलेला. डोळा बांधलेली जागा जमिनीपासून वीतभर तरी वर पाहिजे. वर्षानुवर्षं वखराने माती बुंध्याकडे लोटली जाते, शेणखतही तिथेच ओततात, आणि जोड हळूहळू पुरला जातो. खालचा, मुळांकडचा खुंट जंबेरी लिंबाचा असतो, तोही काही फार दणकट नाही. त्यात वरची संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की फायटोफ्थोरा बुरशीला वाट मिळते. मग डिंक्या, म्हणजे साल सडून डिंक गळायचा रोग. झाड वरून हिरवंगार, आणि एका बाजूची पानं पिवळी पडेस्तोवर कोणाला पत्ता नाही. विकणारा फांद्या दाखवतो, घेणाराही फांद्याच बघतो!

खुरप्याने माती ओढून जोडाची गाठ दिसेपर्यंत बुंधा उघडा करायचा, पाऊस लागायच्या आत. साल नखाने दाबून बघायची. मऊ, तपकिरी लागली तर धारदार चाकूने निरोगी साल दिसेपर्यंत खरवडायचं, खरवड गोळा करून जाळायची, बागेत टाकायची नाही. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायची, लिटरला 10 ग्रॅम. मग बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत 5 लिटरमध्ये रात्रभर भिजत घालायचं (लोखंडी भांडं अजिबात नको), चुना वेगळ्या 5 लिटरमध्ये विरवायचा, थंड होऊ द्यायचा आणि दोन्ही लाकडी काठीने ढवळत एकत्र करायचं. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी आहे. पोत्यात फुटून भुकटी झालेला चुना दुकानदार खपवतात, तो घेऊ नका. मलम त्याच दिवशी संपवायचं, बुंध्याला 3 फुटांपर्यंत लावायचं, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. तयार डब्याचे पैसे वाचतात, कामही तेच होतं.

एवढं करूनही आळ्यातलं पाणी बुंध्याला लागत असेल तर मेहनत पाण्यात. दुहेरी आळं करा: आतल्या गोलात माती चढती, पाणी फक्त बाहेरच्या गोलात. जुन्या ठिबकची नळी झाड लहान असताना टाकलेली असते, ड्रिपर खोडाशीच गळत राहतो. तो 3 फूट लांब सरकवा. भारी जमिनीत दर दोन ओळींनंतर उताराला चर हवाच.

सुरुवातीला म्हातारी झाडं उपटून नवी कलमं लावावी असं मत होतं. सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या काड्या, काढल्यावर ते बदललं. तोडणीनंतर वाळलेल्या काड्या थोड्या हिरव्या भागासकट कापल्या, लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम फवारलं, खोडावरचे पानसोट (फळ न देणारे जोमदार फुटवे) काढले आणि आंबिया बहाराची फूट चांगली आली. बुंध्याची अर्ध्याहून जास्त साल सडलेली झाडं मात्र ठेवण्यात अर्थ नाही.

कोठ्याबाबतही तसंच. कवेलू (कौलं) काढून टिन टाकायचं ठरत होतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला आणि बेत बारगळला. टिनाखाली जनावर धापा टाकतं, कवेलूखाली निवांत रवंथ करतं. वांदरं कवेलू फोडतात, मृगाआधी फेरावंच (पुन्हा नीट रचावंच) लागतं, मजूर मिळत नाही, हे सगळं खरं. तडजोड म्हणून कुटार (भुसा) ठेवायच्या खणावर टिन, बाकी कवेलू. पाडलेल्या घरांची जुनी कवेलू स्वस्तात मिळतात, शंभरेक राखून ठेवा.

सातबाऱ्यावर विहीर आणि फळझाडांची नोंद बघून घ्या. वीजजोडणी इथे अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे, अर्ज धूळ खातोय. विहिरीच्या पाण्याला मार्चपर्यंत पाचपैकी पाच गुण, नंतर दोन. बाग बघायला जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा, खुरपं घेऊन. बुंध्याशी पाणी किती वेळ थांबतं ते तेव्हाच दिसतं, आणि कोठा कुठे गळतो तेही.