हँडल घट्ट आहे म्हणून जुनी गाडी घेऊ नका

जुनी मोटारसायकल बघताना पुढचं चाक उचलून हलवून बघावं, खळखळ लागली तर गाडी सोडून द्यावी, एवढं आपल्याकडं बहुतेकांना ठाऊक असतं. गाड्या विकणाऱ्या एजंटांनाही ते ठाऊक असतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच ते खळखळ बंद करून ठेवतात. मला बेळगावात एकानं असंच गंडवलं. कसं ते नीट सांगतो, कारण जो तपासून घेतो त्यालाच फसवायची ही रीत आहे.

गाडी १२५ सीसीची, एमएच ०९ पासिंगची. आपल्या सीमाभागात अशा गाड्या बऱ्याच येतात, निपाणी ओलांडली की कोल्हापूर जिल्हाच. पण अशा गाडीत घेणाऱ्याचा सगळा जीव कागदांत अडकतो. कोल्हापूर आरटीओची एनओसी आहे का, फॉर्म २८ वर सही-शिक्का आहे का, कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स कुणी भरायचा, केए २२ नंबर कधी पडणार! एजंटानं हे बरोबर हेरलं होतं. गाडीच्या आधी त्यानं फाईलच पुढ्यात ठेवली. कागद खरोखर चोख होते, आणि ते वाचण्यातच बराच वेळ गेला.

मग गाडी डबल स्टँडवर घेतली. मागून एकाला दाबायला लावून पुढचं चाक अधांतरी केलं, शॉकअपची, म्हणजे पुढच्या फोर्कची, खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं ओढली. कणभर चाल नाही. खाली उतरवून पुढचा ब्रेक दाबून झुलवली, तरी ‘टक’ नाही. फोर्कच्या पाईपवर तेलाचा ओघळही नाही. एजंट म्हणाला, “हँडल कसं घट्ट हाय बघा की ओ. अजून पाच वर्सं हात लावायला नको.” २८ हजारांना सौदा झाला.

खानापूरकडं निघालो, तर पिरनवाडीच्या गर्दीतच गाडी विचित्र वागायला लागली. हळू चालवताना सरळ जाईना. जरा डावीकडं, जरा उजवीकडं, आणि सरळ करायला गेलं की हँडल मधोमध येऊन कशात तरी बसल्यासारखं अडकायचं. पुढं जांबोटी रस्त्याच्या खड्ड्यांत पुढून धाडधाड आवाज यायला लागला, तो वेगळाच.

खानापुरातल्या मिस्त्रीनं हँडल वळवून बघितलं आणि गाडी न खोलताच सांगितलं, “दादा, कोनसेट गेलाय, वरून आवळलाय नुसता.” कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते वाट्या-छर्ऱ्यांचं बेअरिंग. खोलल्यावर त्यानं खालची वाटी माझ्या हातात दिली. ग्रीसचा पत्ता नाही, गंज चढलेला, आणि छर्रे जिथं बसतात तिथं ओळीनं खड्डे पडलेले. गाडीचा भार आणि रस्त्याचा मार खालच्या वाटीवर जास्त येतो, पाणी-चिखलही तिथंच शिरतो. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून छर्रे एकाच जागी आदळत राहतात आणि हँडल सरळ असताना जिथं टेकतात नेमके तिथंच खड्डे पाडतात. वाट्या अशा झिजल्या की टी, म्हणजे फोर्क धरून फ्रेमच्या मानेत फिरणारा दांडा, ढिली होऊन खळखळते. ती खळखळ बंद करायला नवा कोनसेट लागतो, किंवा वरचा खाचांचा नट छिन्नी-हातोडीनं दोन ठोके देऊन आवळायचा. दुसऱ्या कामाला खर्च शून्य. माझ्या गाडीच्या नटावर छिन्नीचे ताजे, चकाकते ओरखडे होते. जुन्या गाडीच्या नटावर असे ताजे ओरखडे दिसले तर विचारा, कधी आवळलाय आणि का.

फोर्कमध्ये तर कहरच होता. एका नळीतून चमचाभर काळं तेल निघालं, दुसरी कोरडी. तेल अडवणारे ऑइल सील फाटके होते, पण आत तेलच नसेल तर गळणार काय? ओघळ नसण्याचं रहस्य हे. स्प्रिंग नुसती उड्या मारत होती आणि खड्ड्यात धाडकन आपटत होती.

परत गेलो तेव्हा एजंटाचं उत्तर तयार होतं. “चालवून आणलासा की ओ, आता कोण ऐकतंय? मालक कोल्हापूरचा, मी मधला माणूस.” पैसे आले नाहीत. कोनसेट, दोन्ही सील, तेल आणि मजुरी असा सगळा भुर्दंड मीच भरला.

आता कुणी गाडी बघायला सोबत नेलं तर मी हलवून बघणं दुसऱ्या नंबरावर ठेवतो. आधी चाक अधांतरी करून दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवायचं. मधोमध खाच लागली, किंवा फिरवायला जोर लागला, की चाल नसली तरी कोनसेट गेलेला समजायचा. चांगलं हँडल सरळवरून जरासं कलतं करून सोडलं की आपल्या वजनानं बाजूला पडतं (केबल आखडल्या असतील तर थोडा फरक पडतो, तेवढा सोडायचा). मग पुढं-मागं ओढताना दुसऱ्या माणसाचं बोट टीच्या खाली, फ्रेम जिथं भेटते त्या फटीवर ठेवायला लावायचं. हालचाल तिथं लागली तर कोनसेट. पाईप नळीत शिरतो तिथं लागली तर फोर्क झिजलेला. आणि चाक आडवं, डावी-उजवीकडं हललं तर चाकाचं बेअरिंग. आवाज एकसारखाच येतो, खर्च मात्र तिन्हींचा वेगवेगळा, म्हणून भाव करताना हा फरक कामाला येतो.

तेलासाठी ब्रेक दाबून पुढचा भाग जोरात खाली दाबा आणि सोडा. आत तेल असेल तर तो एकदाच, दमानं वर येतो. तेल नसलं की उसळतो आणि वर येऊन टक्क करतो. फोर्कवर रबरी बूट चढवलेले असतील तर ते सरकवायला सांगा आणि पाईपवर नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवे सीलही लवकरच फाटणार, आणि तो पाईप बदलायचा खर्च एजंटाच्या भावात धरलेला नसतो.