डिस्नी वर्ल्डमध्ये कुठे जेवायचं: आपण ठरवावं, मुलांवर सोडावं, की यादी करून द्यावी?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डला जायचं ठरलं की विमान, हॉटेल आणि पार्कची तिकिटं यांचा विचार सगळे आधी करतात. जेवणाचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातं, आणि मग तोच प्रश्न दिवसातून तीनदा समोर उभा राहतो. चार पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम), त्यांच्याभोवतीची हॉटेलं आणि बाजार मिळून खाण्यापिण्याच्या शेकडो जागा तिथे आहेत. यातल्या निवडीत मुलांना किती सामील करून घ्यायचं, हे ठरवायला तीन रीती आहेत. पहिली आणि तिसरी आम्ही स्वतः करून पाहिली, दुसरी माझ्या नणंदेच्या घरी जवळून पाहिली.

माझं मत आधीच सांगते. मुलं पाच ते बाराच्या मधली असतील तर आपण छोटी यादी करावी आणि त्यातून मुलांना निवडू द्यावं. चारच्या आतल्या मुलाला विचारत बसू नये. तेरा-चौदाच्या पुढची असतील तर त्यांना खर्चाचा आकडा सांगून बिनधास्त सगळं सोपवावं, ती आपल्यापेक्षा नीट शोधतात. मधल्या वयाचाच प्रश्न अवघड आहे, म्हणून बाकीचं सगळं त्याच वयाबद्दल.

आधी तिथले नियम

बसून जेवायच्या बहुतेक रेस्टॉरंटचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नीच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस मागे मोजायचं आणि पुढच्या दहा दिवसांपर्यंतची जेवणं एकदम बुक करायची. म्हणजे मुलाला निवडायला सांगायचं ते प्रवासाच्या दोन महिने आधी. सहा वर्षांच्या मुलाच्या आवडीनिवडी दोन महिन्यांत केवढ्या बदलतात! आमच्या धाकट्याला मार्चमध्ये विनी द पूशिवाय काही दिसत नव्हतं, मे उजाडला तेव्हा तो पूर्णपणे अंतराळात गेलेला होता. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं, न कळवता गेलं नाही तर माणशी १० डॉलर कापतात. सिंड्रेलाज रॉयल टेबलसारख्या काही ठिकाणी मात्र सगळे पैसे आधीच भरावे लागतात.

दुसरी गोष्ट, जेवणाच्या बिलात तिथे दहाव्या वर्षी मूल मोठं होतं. तीन ते नऊ वर्षांना मुलांचा दर, तीनच्या आतल्यांना बुफेत पैसे नाहीत, आणि दहा पूर्ण झाली की बुफेत प्रौढाचे पूर्ण पैसे. मिकी-मिनीचा वेश केलेली माणसं टेबलाशी भेटायला येतात तिथल्या रात्रीच्या जेवणाला मोठ्या माणसाचे साठ डॉलरच्या वर सहज जातात, शिवाय कर आणि टिप. नुसता मॅकरोनी-चीज खाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी हे जड वाटतं.

आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हेही लक्षात ठेवा: सहा किंवा जास्त माणसं एका टेबलाला बसली की १८ टक्के टिप बिलातच लावून येते.

आपणच सगळं ठरवलं तर

मोठी पाच वर्षांची आणि धाकटा अडीचचा असताना आम्ही हेच केलं. एका रविवारी दुपारी नवऱ्याने आणि मी बसून सगळी बुकिंगं उरकली. शाकाहारी काय मिळतं ते तपासलं, खर्च आटोक्यात ठेवला, पार्कच्या आखणीत जेवणाच्या वेळा नीट बसवल्या. कामाच्या दृष्टीने यापेक्षा सोपी रीत नाही.

पण आम्ही जागा निवडल्या त्या जेवणासाठी. एका संध्याकाळी चांगल्या, शांत रेस्टॉरंटमध्ये बसलो होतो. मोठीने पास्त्याला हातसुद्धा लावला नाही. दार उघडलं की मान वळवून बघायची आणि विचारायची, “आता मिकी येणार का?” तिथे मिकी येत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आम्ही तिला काही विचारलंच नव्हतं. शेवटी तिचा पास्ता डब्यात भरून घेतला आणि रात्री हॉटेलच्या खोलीत मायक्रोवेव्हमध्ये गरम करून मी खाल्ला.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत याला इलाज नाही, आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नये. फक्त काय दिसणार आणि काय नाही, एवढं आदल्या रात्री सांगून ठेवावं.

सगळं मुलांवर सोडलं तर

नणंदेचे दोन मुलगे तेव्हा आठ आणि अकरा वर्षांचे होते. तिने सरळ ॲप त्यांच्या हातात दिलं. डिस्नीच्या ॲपवर आणि वेबसाइटवर प्रत्येक ठिकाणचा मेन्यू किमतींसकट दिसतो. त्या दोघांनी शाळेच्या प्रोजेक्टसारखी वही घालून यादी केली. याचा फायदा झालाच. सहा दिवसांत ‘मला हे नको’ एकदाही ऐकू आलं नाही. एरवी भाजी बघून तोंड फिरवणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाने आपण निवडलं म्हणून भाताचा वाडगा चाटूनपुसून संपवला.

तोटे दोन. पहिला म्हणजे मुलांना अंतर कळत नाही. त्यांनी ॲनिमल किंगडमच्या दिवशी दुपारचं जेवण भलत्याच हॉटेलात ठेवलं. बसची वाट बघणं, जाणं, जेवणं, पुन्हा येणं यात तीन तास गेले, आणि परत येईपर्यंत नेहमीचा दुपारचा पाऊस सुरू झालेला. दुसरा म्हणजे महागड्या दोन जागा एकाच दिवशी आल्या. दोन्हीकडे पोटभर जेवायला कोणाच्याही पोटात जागा नव्हती.

नणंद मात्र अजूनही म्हणते की पुढच्या वेळीही असंच करीन, फक्त वेळापत्रक माझ्याकडे ठेवीन. वेळापत्रक आपल्याकडे ठेवलं की ती रीत तिसऱ्या रीतीच्याच जवळ येते.

यादी आपली, निवड त्यांची

दुसऱ्या खेपेला मोठी नऊची, धाकटा सहाचा आणि सांगलीहून सासू-सासरे आलेले. या वेळी आम्ही आधी चार गोष्टी पक्क्या केल्या: कोणत्या दिवशी कोणतं पार्क, जेवणाची वेळ, माणशी जास्तीत जास्त किती, आणि आजींना खाता येतील असे निदान दोन पदार्थ. सहलीच्या दिवसांत संकष्टी येते का, तेही कालनिर्णयात बघितलं. त्या दिवसाला बुकिंग ठेवलंच नाही. त्यानंतर प्रत्येक मुलाला तीन-तीन नावं दिली. त्यातलं एक तुझं, त्यावर बाकी कोणी काही बोलणार नाही.

मतदान घेऊ नका. आम्ही सुरुवातीला घेतलं होतं. आजी-आजोबा नातवाच्या बाजूने, बाबा मुलीच्या बाजूने, आणि दहा मिनिटांत दोघंही रडायला लागली. प्रत्येकाचं स्वतःचं एक जेवण, हेच बरं.

माझी सगळ्यात मोठी शिकवण या यादीतूनच आली. “तुला काय खायचंय?” असं विचारलं तर उत्तर कायम पिझ्झा. “तुला जेवताना काय बघायचंय?” असं विचारलं की मूल विचार करायला लागतं. मुलं रेस्टॉरंट निवडतात ते तिथे दिसणाऱ्या गोष्टीसाठी, आणि डिस्नीतल्या बहुतेक जागा त्याच हिशेबाने बांधलेल्या आहेत. पुढच्या जोड्या म्हणून मी ‘काय दिसतं’ यावरून लावल्या आहेत.

सना की बोमा

ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलाच्या आवारातली ही दोन रेस्टॉरंट. पार्कचं तिकीट न लागता जाता येतं, म्हणून पोचल्याच्या दिवशी किंवा विश्रांतीच्या दिवशी ठेवायला सोयीची. मोठीने सना निवडलं, आणि आमच्या अख्ख्या सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण तिथे झालं. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय हात लागलेला आहे. नान-कुलच्यासारख्या रोट्या आणि त्यांच्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या, लोणची, रायती अशी एक थाळीच येते. आजोबांनी पहिला घास घेतला आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मिरचीचं कौतुक केलं. खिडकीबाहेर गवताळ रान. जिराफ इतका जवळ आला की धाकट्याला त्याच्या पापण्या दिसल्या, आणि त्याने हातातला नान तसाच धरून ठेवला. मात्र अंधार पडल्यावर प्राणी नीट दिसत नाहीत, म्हणून दुपारचं किंवा सूर्यास्ताच्या बरंच आधीचं बुकिंग घ्या.

बोमा बुफे आहे आणि नाश्त्याला व रात्रीच उघडं असतं. सूप आणि भाज्या भरपूर, चाखून बघणाऱ्या मुलांना छान. पण खाण्यात चिकित्सा करणारं दहा वर्षांचं मूल असेल तर त्याचे पूर्ण पैसे भरावे लागतील. सनात जेवढं मागवाल तेवढ्याचंच बिल, म्हणून तशा घरांनी सनाच यादीत घ्यावं.

साय-फाय डाइन-इन की स्पेस २२०

धाकट्याने हॉलिवूड स्टुडिओजमधलं साय-फाय डाइन-इन थिएटर घेतलं. आत कायमची रात्र, छतावर चांदण्या, समोर पडद्यावर जुन्या अंतराळपटांचे तुकडे, आणि आपण जुन्या उघड्या मोटारींत बसून जेवतो. तो पुढच्या सीटवर बसला आणि शेवटपर्यंत मागे वळला नाही. सहा जणांच्या कुटुंबाने मात्र एक लक्षात घ्यावं. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे, त्यामुळे समोरासमोर बोलणं होत नाही. आजोबांचा गुडघा दुखत होता, त्यांना मोटारीत पाय घालायला नवऱ्याने हात दिला. मोजकी साधी टेबलंही आहेत, ती विचारून घेता येतात. आम्हाला ते उशिरा कळलं.

स्पेस २२० एपकॉटमध्ये २०२१ साली सुरू झालं. आत जायला लिफ्टसारखी खोली आहे. पायाखालच्या गोल काचेतून पृथ्वी लहान लहान होत जाते आणि आपण २२० मैल वर पोचल्यासारखं वाटतं. मुलांच्या दृष्टीने ती लिफ्ट हाच मुख्य पदार्थ. जेवण ठरलेल्या दराचं, दुपारी दोन आणि रात्री तीन पदार्थांचं. परवडायचं असेल तर दुपारचं घ्या, नजारा तोच असतो. म्हाताऱ्या माणसांना बसायला हे साय-फायपेक्षा कितीतरी सोयीचं.

शेफ मिकीज की क्रिस्टल पॅलेस

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मिकीलाच भेटायचं असेल तर शेफ मिकीज. ते कंटेम्पररी हॉटेलात आहे, पार्कचं तिकीट लागत नाही, आणि इमारतीच्या आतून मोनोरेल जाते. क्रिस्टल पॅलेस मॅजिक किंगडमच्या आत, तिथे पू आणि त्याची मित्रमंडळी. पार्कमधून बाहेर पडावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोन्हीकडे गोंगाट असतो आणि पात्रं टेबलाशी आली की खाणं थांबतं. पोट भरण्यासाठी नाही, भेटीसाठी जायचं आहे असं मनाशी धरून जा. एका सहलीत असं एकच जेवण पुरे.

शाकाहारी घरांसाठी

मेन्यूवर पानाची खूण असेल तो पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य असतो, त्यात दूध, अंडं, मधही नसतं. पान नाही म्हणजे मांसाहारी असं नाही, चीज असलेलेही पदार्थ असतात, पण तिथे विचारून घ्यावं. कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंग करतानाच लिहावं आणि टेबलावर पुन्हा सांगावं. बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेता येतं, काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. आमच्या बॅगेत दशम्या आणि चिवडा होता, रांगेत तासभर उभं असताना तोच कामी आला.

संपूर्णपणे मुलांचं असं काहीतरी

बसून जेवायची निवड यादीतून, पण रोजचा एक खाऊ पूर्णपणे त्यांचा. मिकीच्या आकाराचं आइस्क्रीम, मॅजिक किंगडममधलं अननसाचं गार, मऊ डोल व्हिप, जे हवं ते, जेव्हा हवं तेव्हा. रोज एकच, एवढाच नियम. पहिल्या दिवशी मोठीने सकाळी दहालाच संपवला आणि दुपारी भावाकडे बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने तो जपून ठेवला. काउंटरवरचं जेवण ॲपवरून आधी मागवता येतं. फोन मुलीच्या हातात द्या, सगळ्यांचं जेवण ती नीट टिपून घेते. अशा ठिकाणी दहा-बारा वर्षांच्या मुलाने मुलांचं जेवण मागवलं तरी कोणी अडवत नाही. बर्फाचं पाणीही काउंटरवर फुकट मिळतं, मागायला संकोच करू नका.

भारतात खोपोलीच्या इमॅजिकासारख्या एका दिवसाच्या सहलीला जाणाऱ्यांना एवढी आखणी लागत नाही. तिथे ‘आज दुपारचं ठिकाण तू ठरव’ एवढं एका मुलाला सांगितलं तरी पुरतं.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा जातोय. मोठी आता दहा पूर्ण झाली, म्हणून बुफे यादीतून काढले आहेत. धाकट्याला अर्थातच स्पेस २२० हवंय. मोठीने या वेळी तीन नावांची यादी आधी स्वतः केली, माणशी खर्च पुढे लिहिला, आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, “आई, यातलं एक आता तू निवड.”