नाथसागराच्या काठावर टाचण्या पाहताना: ‘पॅपिलिओ २’ दुर्बिणीचे परीक्षण

पेंटॅक्सची ‘पॅपिलिओ २’ (६.५×२१) ही दुर्बीण पक्षिनिरीक्षकांपेक्षा कीटक पाहणाऱ्यांच्या अधिक कामाची आहे. नेहमीच्या दुर्बिणीतून पायाजवळचा कीटक अंधूकच दिसतो. ही मात्र ५० सेंटिमीटरवरचेही स्पष्ट दाखवते.

पैठणच्या नाथसागरावर तिचा खरा कस लागतो तो टाचण्यांच्या, म्हणजे चतुरांसारख्या पण सडपातळ कीटकांच्या, स्युडॅग्रियॉन प्रजातीतील दोन जाती ओळखताना. डेकोरम आणि मायक्रोसेफॅलम या दोन्ही टाचण्यांचे नर निळे, सडपातळ आणि पाणगवताच्या टोकावर बसणारे असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते सारखेच वाटतात. दुर्बिणीतून पाठीवर नजर टाकली की डेकोरमच्या फिकट निळ्या छातीवर शाईने ओढल्यासारख्या तीन बारीक काळ्या रेघा दिसतात, तर मायक्रोसेफॅलमच्या छातीवरचे काळे पट्टे चांगलेच ठसठशीत असतात. माद्या फिकट असतात. त्यांच्या बाबतीत जोडीतला नर पाहून ठरवणेच सुरक्षित. जाळीने पकडून, पंख दाबून ओळख पटवण्याची गरज उरत नाही, हा मला या दुर्बिणीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत दोन्ही जाती ‘किमान चिंता’ या वर्गात आहेत. मायक्रोसेफॅलमचा पसारा तर भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. परंतु हा वर्ग जातीच्या संपूर्ण प्रदेशाचा विचार करून ठरतो; एखाद्या तळ्यातून टाचण्या नाहीशा झाल्या तरी तो बदलत नाही. अंडी पाणवनस्पतींच्या देठांत घातली जातात आणि पिल्ले पाण्यातच वाढतात, त्यामुळे पाणी ओसरल्यावर काठ गाळपेरीखाली (उघड्या पडलेल्या गाळातल्या पिकाखाली) येतो, पाणगवत उपटले जाते आणि फवारणीचे औषध पाण्यात उतरते, तेव्हा तिथली वीण धोक्यात येते. मराठवाड्यात, जिथे तळी वारंवार कोरडी पडतात, तिथे कोणती जात कोणत्या पाण्यावर टिकली याची स्थानिक नोंद म्हणूनच अत्यंत महत्त्वाची आहे.

दुर्बिणीत उणिवाही आहेत. ती जलरोधक नाही, त्यामुळे पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी जवळ हवीच. आणि भिंगे अवघ्या २१ मिलिमीटरची असल्याने दिवस कलल्यावर दृश्य काळवंडते. वजन मात्र ३०० ग्रॅमच्या आतच आहे. ८.५ पटीचेही मॉडेल मिळते, पण हलत्या गवतावरची टाचणी शोधायला रुंद दृश्य लागते, म्हणून ६.५ पटीचेच घ्यावे.