मिरजेचे रुग्णालय आणि जामखेडचा प्रकल्प : ख्रिस्ती सेवेचे दोन मार्ग

ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली वैद्यकीय मदत कोणत्या रूपात अधिक उपयोगी ठरते, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला असला, तरी त्याची दोन ठळक रूपे महाराष्ट्रातच शेजारी ठेवून पाहता येतात. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. दूरदूरचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी तेथे येत आणि पुढे मिरज वैद्यकीय नगरी म्हणून नावारूपाला आली.

जामखेडची दिशा उलटी होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात, अनेकदा निरक्षर आणि दलित समाजातील असलेल्या गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले गेले, आणि बाळंतपण, कुपोषण, स्वच्छ पाणी, अस्पृश्यता या सर्वांकडे आरोग्याचेच प्रश्न म्हणून पाहिले गेले. जिनिव्हातील चर्चच्या जागतिक परिषदेचा वैद्यकीय आयोगही त्याच सुमारास रुग्णालयांकडून गावांकडे वळत होता. अशा अनुभवांचा ठसा प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार करणाऱ्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यावर उमटला.

अवघड शस्त्रक्रियेला मिरजेसारखी संस्थाच हवी, हे निर्विवाद. तरीही माझा कौल जामखेडला आहे, कारण तेथे श्रद्धेने केवळ रोग्याची शुश्रूषा केली नाही, तर ज्यांना गावाने शिवू दिले नव्हते त्यांच्याच हाती गावाचे आरोग्य सोपवले.