प्रशिक्षकांच्या गटाचे मूल्यमापन: मैदानावरची मोजणी, बैठकीतले निरीक्षण की मूल्यकथा?

जिल्ह्यातील खो-खो प्रशिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात आणि मातीवर घडलेल्या मुलामुलींना मॅटवर सूर मारायला कसे शिकवावे, अशा रोजच्या अडचणींवर बोलतात. वर्षभरानंतर या उपक्रमातून काय निष्पन्न झाले, हे संयोजकाला सांगावे लागते. एकच काम करणारी माणसे एकमेकांकडून शिकतात, अशा गटाला ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हणतात; ही संकल्पना जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडली. परस्पर सहभाग, सामाईक उद्दिष्ट आणि हळूहळू साठत गेलेला शब्दांचा, युक्त्यांचा, किश्शांचा सामाईक संचय ही अशा गटाची लक्षणे वेंगर यांनी १९९८ मध्ये सांगितली. ती तपासण्याचे तीन मार्ग येथे शेजारी शेजारी ठेवले आहेत. हजेरीपट आणि अभिप्राय-अर्ज या तुलनेत धरलेले नाहीत. त्यांतून चहा चांगला होता, यापलीकडे फारसे कळत नाही.

मैदानावरच्या मोजणीत प्रशिक्षकाने किती वेळा सूचना दिली, प्रात्यक्षिक दाखवले, शाबासकी दिली किंवा तो रागावला, याची ठरलेल्या रकान्यांत नोंद होते. रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी १९७४-७५ च्या हंगामात अमेरिकेतील यूसीएलए या विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या १५ सरावांत अशा २,३२६ नोंदी केल्या. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश नोंदी शिकवण्याच्या होत्या आणि नुसत्या शाबासकीच्या जेमतेम सात टक्के. या पद्धतीत दोन निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहता येतात आणि आकडे वरिष्ठांपुढे ठेवता येतात. मात्र प्रशिक्षक बदलला हे आकड्यांवरून दिसले, तरी तो गटामुळे बदलला की नव्या मॅटमुळे, हे त्यांवरून सांगता येत नाही.

ती उणीव बैठकीतले निरीक्षण बऱ्याच अंशी भरून काढते. निरीक्षक कोपऱ्यात बसून प्रश्न कोण काढतो, उत्तर नेहमी ज्येष्ठ सरांकडूनच येते का, तालुक्याच्या शाळेतली नवी क्रीडाशिक्षिका तिसऱ्या बैठकीत तरी तोंड उघडते का, हे टिपतो. माझ्या मते सर्वांत बोलकी खूण वेगळीच आहे: मागच्या महिन्यात कोणी मांडलेली अडचण ‘करून पाहिले, जमले नाही’ अशा कबुलीसह परत येते का, ही. प्रशिक्षक एकमेकांचे प्रतिस्पर्धीही असतात; ज्याच्याशी पुढच्या महिन्यात अंतिम सामना पडू शकतो, त्याच्यासमोर आपली एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्याची बचावाची रीत, कोण उलगडून दाखवील? चर्चा गुळगुळीत आणि सर्वसंमत होत असेल, तर ते सलोख्याचे नव्हे, लपवाछपवीचे लक्षण असू शकते. या मार्गाला वेळ फार लागतो आणि निरीक्षक निवड समितीचा सदस्य असल्यास सारेच फुकट जाते, कारण मग जो तो त्याला ऐकवण्यासाठीच बोलतो.

तिसरा मार्ग वेंगर, बेव्हर्ली ट्रेनर आणि मार्टेन दे लात यांनी २०११ मध्ये मांडलेल्या मूल्यनिर्मितीच्या आराखड्याचा. उदाहरणार्थ, बैठक उपयोगी वाटली. तेथे सूर मारण्याआधी गुडघ्यावर बसून मॅटवर घसरण्याचा सराव कळला. तो मैदानावर करून पाहिला. मुलांची भीती गेली आणि खांबाजवळ गडी बाद होऊ लागले. शेवटी यश कशाला म्हणायचे, याचीच कल्पना बदलली. हा प्रवास प्रशिक्षकाने स्वतःच्या शब्दांत सांगायचा असतो; हीच मूल्यकथा. बैठक आणि मैदान यांना जोडणारा धागा येथे दिसतो, जो मोजणीत सापडत नाही. दोष असा की माणसे यशाच्याच कथा सांगतात. म्हणून प्रत्येक कथा सहायक प्रशिक्षकाकडून किंवा खेळाडूंकडून पडताळावी आणि फसलेली एक कथा आवर्जून मागावी.

निधी देणाऱ्याला आकडेच हवे असतील, तर मोजणीला पर्याय नाही. पण ती गट सुरू होण्यापूर्वी एकदा झालेली असली पाहिजे, अन्यथा तुलना कशाशी करणार? गट नवा आणि चाचपडत असेल, तर बैठकीत बसावे. वर्ष उलटले असेल आणि हाताशी एकच माणूस असेल, तर मी पाच-सहा पडताळलेल्या मूल्यकथांना पसंती देईन. कोणताही मार्ग निवडला, तरी संयोजक बदलल्यानंतर काही महिन्यांनी निरीक्षण पुन्हा करावे. कॅनडातील एका युवा बेसबॉल लीगच्या अभ्यासात सहकार्याची रीत रुजवणारा व्यवस्थापक गेल्यावर प्रशिक्षकांमधली ती देवाणघेवाण ओसरल्याचे आढळले होते, आणि पहिल्या वर्षाच्या अहवालात असे काही दिसण्याची शक्यताच नसते.