लक्षण-नियंत्रणाची लेखी मार्गदर्शिका: वर्षभर गृहभेटींत वापरल्यावर

मी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, गृहभेटी करणारी परिचारिका. आमचे बहुतेक रुग्ण शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे. लक्षणांवरच्या उपचारांची छापील मार्गदर्शिका हातात आली त्याला आता वर्ष होत आलं.

सगळ्यात मळलेलं पान मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचं. तोंडाने, दर चार तासांनी, घड्याळ बघून. दुखायला लागायची वाट बघायची नाही. झोपताना दुप्पट मात्रा, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर दिवसभराच्या मात्रेचा साधारण सहावा हिस्सा जादा. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध, कारण मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ नाही. हे माहीत होतंच की! पण आता ते डॉक्टरांच्या सहीनिशी घरातल्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. रात्री दोनला मुलाचा फोन आला, तर ‘वही उघडा, जादा डोस द्या, वेळ लिहून ठेवा’ एवढं सांगून भागतं. लघवी कमी झाली, गुंगी वाढली, हातपाय झटकायला लागले, तर मात्र पुढचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन. ही चौकट मूत्रपिंड थकलेल्या रुग्णांसाठी फार मोलाची.

चिघळलेल्या जखमेचा वास मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड टाकून कमी होतो, हेही दोन ओळींत चोख दिलंय. स्वस्तातलं औषध, आणि शेजारीपाजारी पुन्हा खोलीत येऊन बसतात.

दुखणं मोजायच्या शून्य ते दहाच्या मोजपट्टीशी आमच्या आज्यांचं काही जमत नाही. ‘दहापैकी किती?’ विचारलं की त्या सुनेकडे बघतात. मग मी आण्यांत विचारते. ‘काल बारा आणे होतं, आज चार आणे’ हे उत्तर तत्काळ येतं, अन् तक्त्यात लिहिताही येतं.

१९८६ ची तीन पायऱ्यांची शिडी, म्हणजे दुखणं वाढेल तसं साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनसारख्या औषधापर्यंत चढत जायचा तक्ता, मुखपृष्ठावरच छापलीय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती शिकवण्यापुरती मागे ठेवली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत ती आत गेली तर बरं.

खरी उणीव खाण्यापिण्याच्या पानात. ‘भूक कमी होणे स्वाभाविक, नातेवाइकांना समजावून सांगावे.’ संपलं! घरात सगळ्यात मोठा वाद नेमका यावरच होतो. ‘उपाशी कसं ठेवायचं, सिस्टर? एक सलाईन तरी लावा.’ शेवटच्या दिवसांत सलाईनने सूज आणि घशातली घरघर वाढू शकते, हे असं विचारणाऱ्या घरच्या मावशीला कोणत्या शब्दांत सांगायचं, ते पान आम्हीच हाताने लिहून मागे चिकटवलंय. त्यात ओल्या कापसाने ओठ-तोंड पुसायचं कामही मावशीकडेच दिलंय.